हवा गुणवत्ता प्रतिमानासाठी उत्सर्जन सूची

उत्सर्जन सूची म्हणजे एखाद्या प्रदेशातील निरनिराळ्या स्रोतांमधून ठरावीक कालावधीत हवेत सोडल्या जाणाऱ्या प्रदूषकांच्या वस्तुमानाची स्रोतनिहाय नोंद होय. वीजकेंद्रे, कारखाने, वाहने, घरगुती चुली, वीटभट्ट्या, रस्त्यांवरील धूळ, शेतातील जाळपोळ आणि वनस्पती अशा स्रोतांचा तिच्यात समावेश असतो. प्रादेशिक हवा गुणवत्ता प्रतिमानाला हवामानाची आकडेवारी, प्रदेशाच्या सीमेवरून आत येणाऱ्या हवेची स्थिती आणि उत्सर्जन अशा तीन प्रकारच्या माहितीची गरज असते. यांपैकी उत्सर्जनाची माहिती सर्वांत कमी प्रमाणात प्रत्यक्ष मोजलेली आणि सर्वांत जास्त प्रमाणात अंदाजावर आधारलेली असते.

सूचीतील आकडे सामान्यतः एका वर्षाचे आणि जिल्हा किंवा राज्य या पातळीवरचे असतात. प्रतिमानाला मात्र प्रत्येक तासाला, प्रत्येक चौकटीत आणि प्रत्येक रासायनिक घटकाचे किती उत्सर्जन होते हे सांगावे लागते. वार्षिक बेरजेचे असे रूपांतर करण्याच्या कामाला उत्सर्जन प्रक्रिया म्हणतात. एकूण बेरीज अचूक असूनही या रूपांतरात चूक झाल्यास प्रतिमानाचे उत्तर चुकते. शहरांचे कृती आराखडे अशा उत्तरांवर आधारलेले असल्याने कोणत्या स्रोतावर निर्बंध येणार, हेही काही अंशी या कामावर अवलंबून असते.

## इतिहास

१९४० च्या दशकात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर डोळ्यांची आग करणाऱ्या धुरक्याने त्रस्त होते. सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्या अभिक्रियांतून ओझोन तयार होतो, हे १९५० च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-श्मिट यांनी दाखवून दिले. घातक प्रदूषक धुराड्यातून थेट बाहेर न पडता हवेतही तयार होऊ शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले. त्यामुळे धूर मोजण्याबरोबरच कोण, कुठे आणि कोणता पूर्वघटक सोडतो याची नोंद ठेवणे आवश्यक ठरले.

अमेरिकेत उत्सर्जन गुणांकांचा ‘एपी-४२’ हा संग्रह प्रथम १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याची पाचवी आवृत्ती १९९५ ची आहे. युरोपमध्ये सीमापार जाणाऱ्या वायुप्रदूषणाविषयी १९७९ मध्ये जिनिव्हा येथे करार झाला. त्यानंतर सदस्य देशांनी आपापल्या उत्सर्जनाचे अहवाल समान पद्धतीने देण्याची प्रथा रूढ झाली. आम्लवर्षेच्या अभ्यासासाठी १९८० च्या दशकात प्रादेशिक प्रतिमाने विकसित झाली आणि सूची जाळीच्या चौकटींत विभागण्याची गरज वाढली. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राची ‘एडगर’ ही जागतिक सूची आणि जपानमध्ये तयार झालेली आशिया खंडाची ‘रीस’ ही सूची आज मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात.

## सूचीची बांधणी

बहुतेक स्रोतांसाठी पुढील सूत्र वापरतात:

उत्सर्जन = क्रियेचे प्रमाण × उत्सर्जन गुणांक × (१ − नियंत्रणाची कार्यक्षमता)

क्रियेचे प्रमाण म्हणजे जाळलेला कोळसा, वाहनांनी कापलेले अंतर, भाजलेल्या विटा यांसारखी मोजता येणारी राशी. उत्सर्जन गुणांक म्हणजे त्या क्रियेच्या एका एककामागे बाहेर पडणारे प्रदूषक.

सल्फर डायऑक्साइडचा गुणांक काढणे तुलनेने सोपे असते. कोळशात ०.५ टक्के गंधक असेल, तर १ टन कोळशात ५ किलोग्रॅम गंधक असते. गंधकाचा अणुभार ३२ आणि सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४ असल्याने त्यातून जास्तीत जास्त १० किलोग्रॅम सल्फर डायऑक्साइड निर्माण होऊ शकतो. राखेत राहणारा गंधक त्यातून वजा केला जातो. नायट्रोजनची ऑक्साइडे, काजळी आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांचे प्रमाण मात्र ज्वलनाचे तापमान, यंत्राचे वय आणि वापरण्याची पद्धत यांवर अवलंबून असते. त्यांचे गुणांक चाचण्यांमधूनच मिळवावे लागतात.

चाचणीतील गुणांक आणि प्रत्यक्ष उत्सर्जन यांत मोठे अंतर असू शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींविषयी जाहीर केलेल्या माहितीनुसार, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे रस्त्यावरील उत्सर्जन मानकाच्या ४० पटींपर्यंत होते. भारतातील पीयूसी चाचणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. त्यामुळे त्या प्रमाणपत्रांवरून या प्रदूषकाचे गुणांक काढता येत नाहीत.

क्रियेच्या आकड्यांतही अडचणी असतात. परिवहन कार्यालयातील नोंदींत भंगारात गेलेली किंवा अन्य शहरांत वापरली जाणारी वाहनेही राहिलेली असतात. म्हणून रस्त्यावरील वाहनांची मोजणी आणि पेट्रोल पंपांवरील सर्वेक्षण यांचा आधार घेतला जातो. घरगुती इंधनाबाबत गॅस जोडण्यांची संख्या पुरेशी नसते. जोडणी असलेल्या घरातही सिलिंडर वर्षातून किती वेळा भरला जातो आणि चूल किती वेळा पेटते, यावर उत्सर्जन ठरते.

## स्रोतांचे प्रकार

- बिंदुस्रोत: वीजकेंद्रे, सिमेंट व पोलादाचे कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प. यांचे अक्षांश, रेखांश, धुराड्याची उंची आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान स्वतंत्रपणे नोंदवतात.
- रेषास्रोत: रस्ते, लोहमार्ग आणि जहाजांचे मार्ग.
- क्षेत्रस्रोत: घरगुती चुली, उपाहारगृहे, कचऱ्याची जाळपोळ, बांधकामे आणि लहान उद्योग. प्रत्येकाची स्वतंत्र नोंद शक्य नसल्याने त्यांचा एकत्रित अंदाज करतात.
- नैसर्गिक स्रोत: झाडांतून बाहेर पडणारे आयसोप्रीनसारखे वायू, वाऱ्याने उडणारी धूळ, समुद्री मीठ आणि वणवे.

झाडांचे उत्सर्जन तापमान आणि सूर्यप्रकाशानुसार तासातासाला बदलते. त्यामुळे ते वार्षिक सूचीतून न घेता ‘मेगन’सारख्या प्रतिमानाने काढतात. या गणनेसाठी मुख्य प्रतिमानाचेच हवामान वापरावे लागते, अन्यथा दोन्हींत विसंगती निर्माण होते. शेतातील आणि जंगलातील आगींसाठी उपग्रहांवर आधारलेल्या ‘फिन’ आणि ‘जीफेड’ या सूची उपलब्ध आहेत. शेतातील जाळपोळ मूळ सूचीतही असल्यास ती दोनदा मोजली जाणार नाही, याची खात्री करावी लागते.

## प्रतिमानासाठी रूपांतर

### स्थानिक विभाजन

प्रतिमान प्रदेशाची विभागणी समान आकाराच्या चौकटींत करते. उपखंडासाठी या चौकटी काही दशक किलोमीटरांच्या, तर शहरासाठी एक किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. बिंदुस्रोत थेट त्यांच्या चौकटीत ठेवता येतो. क्षेत्रस्रोतांचा जिल्हानिहाय आकडा वाटण्यासाठी प्रतिनिधी निर्देशक वापरतात. चुलींसाठी ग्रामीण लोकसंख्या, वाहनांसाठी रस्त्यांची लांबी व वर्दळ, तर शेतातील यंत्रांसाठी लागवडीखालील क्षेत्र असे हे निर्देशक असतात.

निर्देशक चुकीचा असल्यास प्रदूषण चुकीच्या ठिकाणी जाते. वीटभट्ट्यांचे उत्सर्जन लोकसंख्येनुसार वाटले, तर ते शहराच्या मध्यभागी दिसू लागते. प्रत्यक्षात भट्ट्या बहुधा शहराबाहेर असतात. भारतात २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने लोकसंख्येचे वितरण बराच काळ २०११ च्या आकड्यांवरून केले गेले. त्यामुळे वेगाने वाढलेल्या उपनगरांच्या वाट्याला अशा सूचींत कमी उत्सर्जन येऊ शकते.

नकाशा प्रक्षेपाकडेही लक्ष द्यावे लागते. डब्ल्यूआरएफ हे हवामान प्रतिमान पृथ्वी ६,३७० किमी त्रिज्येचा गोल मानते, तर भौगोलिक माहिती बहुधा लंबगोलाभ पृथ्वीवर आधारलेली असते. या दोहोंची सरमिसळ झाल्यास मध्य अक्षांशांत सुमारे २० किमीपर्यंत स्थानभेद पडू शकतो. उपखंडाच्या जाळीत तो लक्षात येत नाही. शहराच्या जाळीत मात्र संपूर्ण रस्ता दुसऱ्या वस्तीवर जाऊन बसतो.

### कालिक विभाजन

वार्षिक बेरीज प्रथम महिन्यांत, मग आठवड्याच्या दिवसांत आणि शेवटी तासांत विभागतात. चुली सकाळी व संध्याकाळी पेटतात. वीटभट्ट्या पावसाळ्यात बहुधा बंद असतात. पंजाब व हरियाणातील भाताचे खुंट प्रामुख्याने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांत जाळले जातात, तर दिवाळीतील फटाक्यांचे उत्सर्जन मोजक्या रात्रींपुरते असते.

वेळ महत्त्वाची ठरण्याचे मुख्य कारण हवेचा मिश्रणस्तर हे आहे. दुपारी हा स्तर एक किलोमीटरहून उंच जातो आणि प्रदूषके मोठ्या घनफळात पसरतात. हिवाळ्यातील रात्री तो अनेकदा काहीशे मीटरांपेक्षाही खाली येतो. त्यामुळे रात्री सोडलेला एक टन धूर दुपारच्या एक टनापेक्षा जमिनीलगत कितीतरी अधिक दाटतो. दिल्लीत अवजड मालवाहतुकीला दिवसा प्रवेशबंदी असल्याने ट्रक मुख्यतः रात्री धावतात. मोटारींची सकाळ-संध्याकाळची वर्दळ दाखवणारा आलेख ट्रकांनाही लावल्यास रात्रीचे प्रदूषण कमी दिसते.

प्रतिमाने जागतिक समन्वित वेळेनुसार चालतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. स्थानिक वेळेचा आलेख तसाच जागतिक वेळेत भरला, तर सकाळी ८.३० ची वर्दळ प्रतिमानात दुपारी २ वाजता येते. मिश्रणस्तर तेव्हा उंच असल्याने प्रदूषणाची पातळी खऱ्यापेक्षा कमी निघते. तासागणिक नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीत साडेपाच तासांतील अर्धा तास बसवण्यासाठीही वेगळी काळजी घ्यावी लागते.

### रासायनिक विभाजन

सूचीत ‘बाष्पनशील सेंद्रिय संयुगे’ असा एकच आकडा असतो, मात्र त्यात शेकडो संयुगे येतात आणि त्यांची अभिक्रियाशीलता भिन्न असते. प्रतिमानातील ‘सीबी६’ किंवा ‘सॅपर्क’ यांसारख्या रासायनिक यंत्रणा त्यांची मोजक्या गटांत मांडणी करतात. पेट्रोलची वाफ, रंगातील द्रावक आणि लाकडाचा धूर यांसाठी वेगवेगळे विभाजन तक्ते असतात. त्याचप्रमाणे सूक्ष्म धूलिकणांचे काजळी, सेंद्रिय कार्बन, सल्फेट आणि इतर खनिज घटक असे विभाजन करतात.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांबाबत एक चूक वारंवार होते. या वायूंचे वस्तुमान नायट्रोजन डायऑक्साइडच्या रूपात, म्हणजे ४६ हा रेणुभार धरून नोंदवण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात ज्वलनातून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो आणि त्याचा रेणुभार ३० आहे. नोंदवलेल्या वस्तुमानाला ४६ ऐवजी ३० ने भागल्यास रेणूंची संख्या सुमारे दीडपट होते आणि ओझोनचे संपूर्ण गणित बिघडते.

### उंचीनुसार विभाजन

भारतीय नियमांनुसार ५०० मेगावॅट व त्याहून मोठ्या औष्णिक वीजसंचांसाठी २७५ मीटर उंचीचे धुराडे विहित करण्यात आले होते. बाहेर पडणारा उष्ण वायू त्याही वर चढतो. तो किती चढेल, हे वायूचे तापमान व वेग आणि भोवतालचा वारा व स्थिरता यांवरून काढतात. या उत्सर्जनाची प्रतिमानाच्या सर्वांत खालच्या थरात नोंद केल्यास केंद्राजवळच्या गावांतील प्रदूषण अवाजवी वाढते आणि दूरवर तयार होणारे सल्फेट कमी दिसते.

## संगणकीय प्रणाली

‘स्मोक’ ही उत्सर्जन प्रक्रियेची सर्वपरिचित प्रणाली १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात विकसित झाली. स्थानिक, कालिक आणि रासायनिक विभाजनाची प्रत्येक पायरी तिच्यात विरल सारणीच्या रूपात मांडली जाते आणि अखेरीस या सारण्यांचा गुणाकार केला जातो. त्यामुळे एका पायरीत बदल झाल्यास संपूर्ण काम नव्याने करावे लागत नाही. ही प्रणाली अमेरिकी सूचींच्या रचनेनुसार बनलेली असल्याने इतर देशांत तिच्यासाठी प्रदेशांचे संकेतांक, निर्देशक आणि आलेख नव्याने तयार करावे लागतात.

प्रक्रियेतून निघालेल्या फाइली सहसा नेटसीडीएफ स्वरूपात असतात. त्यांची एकके प्रतिमानानुसार बदलतात. ‘सीमॅक’ या प्रतिमानाला प्रत्येक चौकटीतील वायू मोल प्रति सेकंद आणि कण ग्रॅम प्रति सेकंद या एककांत द्यावे लागतात. ‘डब्ल्यूआरएफ-केम’मध्ये वायूंसाठी मोल प्रति चौरस किलोमीटर प्रति तास हे एकक आहे. चौकटीच्या क्षेत्रफळाने भागण्याची पायरी राहून गेल्यास किंवा दोनदा झाल्यास उत्तर कित्येक पटींनी चुकते.

## पडताळणी

प्रक्रिया पूर्ण झाल्यावर सर्व चौकटींतील, सर्व तासांतील उत्सर्जनाची बेरीज मूळ सूचीतील वार्षिक बेरजेशी ताडून पाहतात. दोन्हींत फरक आढळल्यास प्रक्रियेत कुठेतरी वस्तुमान गळाले किंवा वाढले, असा त्याचा अर्थ होतो. त्यानंतर नकाशे काढून समुद्रात रस्ते किंवा जंगलात कारखाने दिसत नाहीत ना, हे पाहिले जाते. अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झालेले बिंदुस्रोत अशा नकाशात चटकन ओळखू येतात.

स्वतंत्र पडताळणीसाठी उपग्रहांचा उपयोग होतो. २००४ मध्ये सोडलेल्या ‘ऑरा’ उपग्रहावरील ‘ओमी’ आणि २०१७ मध्ये सोडलेल्या ‘सेंटिनेल-५पी’ वरील ‘ट्रोपोमी’ या उपकरणांनी नायट्रोजन डायऑक्साइड व सल्फर डायऑक्साइड यांचे हवेतील एकूण प्रमाण मोजता येते. सूचीत नसलेले मोठे स्रोत त्यामुळे उघड होतात. चुली किंवा कचऱ्याच्या आगी यांसारखे विखुरलेले स्रोत मात्र उपग्रहावरून वेगळे ओळखणे अवघड असते.

## भारतातील स्थिती

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंगळूर, चेन्नई, दिल्ली, कानपूर, मुंबई आणि पुणे या सहा शहरांत केलेला स्रोतनिश्चितीचा अभ्यास हा भारतातील नागरी सूचींचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्यात मुंबई व दिल्लीचे काम नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘नीरी’ने आणि पुण्याचे काम तेथील ‘एआरएआय’ने केले. भारतीय वाहनांचे उत्सर्जन गुणांकही एआरएआयने चाचण्या घेऊन निश्चित केले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० मधील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीसाठी ‘सफर’ ही हवा गुणवत्तेच्या अंदाजाची प्रणाली सुरू केली. पुढे पुणे, मुंबई आणि अहमदाबाद येथे तिचा विस्तार झाला. प्रत्येक शहरासाठी सर्वेक्षण करून जाळीनिहाय सूची तयार करणे हा या प्रणालीचा पाया आहे. दिल्लीची २०१८ ची सूची ४०० मीटर चौकटींवर तयार करण्यात आली. राष्ट्रीय पातळीवर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधक गटाने ‘स्मॉग-इंडिया’ ही सूची विकसित केली आहे.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. त्याखाली मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर, कोल्हापूर यांसह अनेक शहरांनी कृती आराखडे केले. अशा आराखड्यांसाठी शहराची उत्सर्जन सूची आणि स्रोतनिश्चिती यांचा आधार अपेक्षित आहे.

## सूची आणि प्रत्यक्ष हवा

सूचीतील वाटा आणि हवेतील वाटा एकच नसतो. दिल्लीसाठी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये सादर केलेला अभ्यास याचे ठळक उदाहरण आहे. त्यातील सूचीनुसार पीएम २.५ च्या उत्सर्जनात रस्त्यांवरील धुळीचा वाटा ३८ टक्के आणि वाहनांचा २० टक्के होता. त्याच अभ्यासात हिवाळ्यात हवेतून गोळा केलेल्या कणांचे रासायनिक विश्लेषण केले, तेव्हा धुळीचा वाटा बराच कमी आढळला. दुय्यम कण, जैवभाराचे ज्वलन आणि वाहने हे घटक त्या नमुन्यांत अग्रक्रमावर होते.

या फरकाला अनेक कारणे आहेत. दुय्यम कण वायूंपासून हवेत तयार होतात, त्यामुळे कणांच्या सूचीत त्यांची नोंदच नसते. धूळ जमिनीलगत उडते आणि तिचा मोठा भाग जवळच खाली बसतो. शहराबाहेरून येणारा धूर शहराच्या सूचीत येत नाही. शिवाय रस्त्यावरील धुळीचे ‘एपी-४२’ मधील सूत्र रस्त्याच्या पृष्ठभागावरील बारीक मातीचे प्रमाण आणि वाहनांचे सरासरी वजन यांवर आधारलेले असून ते मूलतः अमेरिकी रस्त्यांवरील मोजमापांतून आले आहे.

केवळ सूची वाचली, तर रस्ते झाडणे हा पहिला उपाय ठरतो. हवेचे नमुने पाहिले, तर इंधनाच्या ज्वलनाकडे लक्ष जाते. दोन्हींमधील दुवा जोडण्याचे काम प्रतिमान करते. सूचीतील उत्सर्जन वारा, मिश्रण आणि रासायनिक अभिक्रिया यांतून गेल्यावर श्वासातील हवेत किती उरते, हे त्यातून कळते.

## मर्यादा

इंधनाच्या घटकांवरून काढलेले आकडे, उदाहरणार्थ सल्फर डायऑक्साइडचे, तुलनेने विश्वासार्ह असतात. काजळी, सेंद्रिय कार्बन, अमोनिया आणि बाष्पनशील संयुगे यांच्याबाबतची अनिश्चितता बरीच अधिक असते. कचऱ्याची उघड्यावरील जाळपोळ आणि डिझेल जनित्रांचा वापर यांची पद्धतशीर नोंद बहुधा नसते.

पायाभूत वर्षाची निवडही महत्त्वाची असते. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीमुळे त्या वर्षातील वाहतूक आणि उद्योग यांचे आकडे नेहमीच्या वर्षांसारखे नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानक लागू झाले आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. त्यामुळे त्यापूर्वीची सूची नंतरच्या वर्षांसाठी वापरताना दुरुस्ती आवश्यक असते.

प्रतिमानाचे उत्तर मोजमापांशी जुळले तरी सूची बरोबर आहे, असे सिद्ध होत नाही. उत्सर्जन जास्त आणि मिश्रणस्तर अधिक उंच धरला गेल्यास दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. अशी सूची आजची पातळी बरोबर दाखवते, पण एखादा स्रोत बंद केल्यावर हवा किती सुधारेल याचे उत्तर चुकीचे देते. म्हणून सूचीसोबत तिचे पायाभूत वर्ष, गुणांक, निर्देशक आणि गृहीतके प्रसिद्ध करणे आवश्यक मानले जाते.

## हे सुद्धा पहा

- वायुप्रदूषण
- हवा गुणवत्ता निर्देशांक
- धुरके
- ओझोन
- भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था